जिन्यातला खिळा

पट्टीमास्तरांचा शाळेशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी आयुष्यात कुणाला बाराखडी शिकवली नाही की कुणाच्या हातावर छडी मारली नाही. जुन्या धक्क्याच्या टोकाला नदीत एक खांब उभा होता, त्या खांबावर पांढऱ्या पत्र्याची, काळ्या आकड्यांची पट्टी ठोकलेली होती. पाणी त्या पट्टीवर कुठवर आलं आहे ते पाहायचं आणि रजिस्टरात लिहायचं, एवढंच त्यांचं काम. सकाळी आठला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा, आणि मध्ये भरती-ओहोटी येईल तशी. छत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी करतच होते. खात्याने निवृत्तीचं पत्र त्यांना पाठवलं होतं. नदीला कुणी कळवलं नव्हतं.

"काय मास्तर, आहे का पाणी नदीत अजून?" असं न्हावी रोज विचारायचा.

"आहे. तुझ्या दुकानाला पुरेल एवढं आहे," असं मास्तर रोज सांगायचे. दोघांनाही या विनोदाचा वीट आला नव्हता.

नदी तशी लहानच. डोंगरात उगम पावते, वीस-पंचवीस कोस धडपडत, दगडांवर आपटत खाली येते आणि शेवटच्या चार कोसांत अशी काही सुस्तावते की वाटावं हिला समुद्रात जायचंच नाही. तिथे ती धड गोडी नाही, धड खारी नाही. दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात शिरतो आणि दोनदा निघून जातो. एके काळी या धक्क्याला शिडाची जहाजं लागत. दगडी भिंतीत हाताएवढ्या जाड लोखंडी कड्या अजून आहेत, आता त्यांना कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधतं. मग वरच्या डोंगरातलं जंगल कुणीतरी तोडून विकलं, उघडी पडलेली माती दर वर्षी वाहून खाली आली, आणि मुखाशी वाळूचा दांडा धरला. जहाजं आधी अडखळली, मग भरतीची वाट पाहत बाहेर थांबू लागली, आणि शेवटी यायचीच बंद झाली. नदीने मुखही बदललं, दक्षिणेकडे सरकली. जकातीची कचेरी, जिच्या पायऱ्या पाण्यात होत्या, ती आज पाण्यापासून अर्धा कोस दूर कोरड्यात उभी आहे आणि तिच्यात शेळ्या बसतात.

पट्टी ठोकली होती ती जहाजांच्या कप्तानांसाठी, आज किती पाणी आहे ते कळावं म्हणून. जहाजं गेली, बंदर गेलं, कप्तान मरून त्यांची नातवंडंही म्हातारी झाली. पण पट्टी बंद करा असा कागद कुणी काढला नाही. सरकारी कामाची हीच तर मजा असते, सुरू करायला दहा सह्या लागतात आणि बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही.

हे सगळं मास्तरांना सांगितलं ते त्यांच्या बायकोने. आधीच्या पट्टीवाल्याची ती मुलगी. खाली कचेरीची एक खोली, वर राहायच्या दोन, मध्ये लाकडी जिना, पट्टीवाल्याच्या अशा त्या घरात ती जन्मली. मास्तर चोवीस वर्षांचे असताना मदतनीस म्हणून तिथे आले, आणि दीड वर्षात जावई होऊन बसले. लग्नानंतर मुली माहेर सोडतात, हिचं माहेर होतं त्याच मजल्यावर सासर झालं. "मी कुठे आले तुमच्याकडे?" ती म्हणायची. "तुम्हीच आलात माझ्याकडे. तेव्हा आवाज खाली."

पट्टी वाचायलाही मास्तर तिच्याचकडून शिकले. सासरे हुशार, पण तोंडातून शब्द काढायला त्यांना कष्ट पडत. तीच धक्क्यावर उकिडवी बसून दाखवायची. "लाट वर जाते तो आकडा बघा. खाली येते तो बघा. तीनदा बघा. मग मधला धरा. आणि आपल्या मनातला आकडा घरी ठेवून यायचं." मास्तरांनी ते गाठीला बांधलं आणि पुढे छत्तीस वर्षं मनातला आकडा घरी ठेवून गेले. रजिस्टरात एकही खाडा नाही, हा त्यांचा अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत. ताप आला तर कानटोपी घालून जात. लेकीच्या जन्माच्या दिवशी आधी पट्टीवर गेले, मग दवाखान्यात. याबद्दल त्यांनी पुढे पुष्कळ ऐकून घेतलं.

खाडा पडणार होता तो फक्त एकदा. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांचं अपेंडिक्स फुटायला आलं आणि त्यांना डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एकोणीस दिवस ते तिथे होते. त्या एकोणीस दिवसांचं रजिस्टर बायकोने लिहिलं. आणि नदीने, इतकी वर्षं शहाण्यासारखी वागून, नेमका तोच मुहूर्त साधला. डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळला, वरून पाण्याचा लोंढा आला, आणि त्याच वेळी खाली मोठी भरती. समुद्र पाणी घेईना, डोंगर थांबेना. मधल्या मध्ये गाव सापडलं. रस्ता तुटला, तारा तुटल्या. दवाखान्याच्या खाटेवर मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. नर्सला ते दर तासाला विचारत, नदीचं काही कळलं का. नर्सला वाटलं, नदी हे बायकोचं नाव आहे.

ते परत आले तेव्हा पाणी उतरलं होतं. बायको आणि चार वर्षांची लेक सुखरूप होत्या. खात्याच्या साहेबांची पाहणी होणार म्हणून खालच्या खोलीला चुना फासून झाला होता, चिखलाचा डागसुद्धा राहिला नव्हता. मास्तरांनी लेकीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने रजिस्टर उघडलं. बायकोचं अक्षर गोल आणि टपोरं. पुराच्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, तिने लिहिलं होतं: सात पंच्याऐंशी.

पट्टी सहा मीटरला संपत होती.

"अगं, पट्टी सहापर्यंत. तू सात पंच्याऐंशी कुठून आणलंस?"

ती चूल पुसत होती. एकोणीस दिवस तिने एकटीने घर, मूल आणि नदी सांभाळली होती, आणि नवऱ्याचा पहिला प्रश्न हा. "पाणी होतं तिथून आणलं," ती म्हणाली.

मास्तरांनी गावात चौकशी केली. न्हाव्याच्या वडिलांनी सांगितलं, पाणी खिडकीच्या कट्ट्याला लागलं होतं. वाणी म्हणाला, दाराच्या कडीपर्यंत. शिंप्याने तर छातीवर हात ठेवून दाखवलं, आणि शिंपी होता साडेचार फुटांचा. कुणाचं कुणाशी जुळेना. साहेब म्हणाले, "सात पंच्याऐंशी? छे, सातच्या आसपास असेल. बायकामाणसं घाबरतात, त्यांना जास्त दिसतं." मास्तरांनी तिथल्या तिथे साहेबांना सांगायला हवं होतं की ही बाई घाबरणाऱ्यातली नाही. त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या आकड्याशेजारी, अगदी बारीक, एक प्रश्नचिन्ह काढलं.

बायकोने ते पाहिलं. त्या दिवसानंतर तिने रजिस्टराला हात लावला नाही. मास्तरांना सर्दी असली, पाय मुरगळला, तरी ती म्हणायची, "ज्याचं काम त्यानं करावं." मास्तरांनी समजूत करून घेतली की तिला कंटाळा आला. अशी समजूत करून घेणं पुरुषांना फार सोपं जातं.

चार वर्षांपूर्वी ती गेली. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात. वरच्या दोन खोल्यांत मास्तर एकटे, आणि खालच्या कपाटात ऐंशी वर्षांची रजिस्टरं. घरात बायकोच्या हातचं लिहिलेलं दुसरं काहीच नव्हतं. तिने कधी पत्र लिहिलं नाही, लिहिणार कुणाला, माहेर तर त्याच घरात. वाण्याची यादी ती तोंडपाठ सांगे. म्हणून ते कधी कधी दुपारी ते रजिस्टर काढून ती एकोणीस दिवसांची पानं उलटत. वाचत काही नसत, नुसतं अक्षर पाहत. आणि दर वेळी ते प्रश्नचिन्ह दिसलं की पान मिटत.

मग एके दिवशी सकाळी इंजिनीअर मुलगी आली. नदीवर नवा पूल व्हायचा होता. पुलाची उंची ठरवायची तर आजवरचं सगळ्यात जास्त पाणी कुठवर चढलं ते हवं. ती सगळी रजिस्टरं तपासणार, चांगली तेवढी संगणकात घालणार, आणि मग गाडी येऊन कपाट रिकामं करणार होती. मुलगी पंचवीस-सव्वीसची, केस घट्ट बांधलेले, बोलायला गोड आणि कामाला कडक. दिवसभर मान खाली घालून पानं चाळत होती. मधूनच म्हणायची, "काय सुंदर ठेवलंय हो काका." मास्तर अंगठ्याएवढे होते ते हाताएवढे झाले.

तीनच्या सुमाराला ती थांबली.

"काका, हे अक्षर कुणाचं?"

"आमच्या हिचं. मी दवाखान्यात होतो."

"आणि हे प्रश्नचिन्ह?"

थाप मारता आली असती. साहेब मरून गेले होते, त्यांच्यावर ढकलता आलं असतं. "माझं," मास्तर म्हणाले.

मुलीने पेन खाली ठेवलं. "मग माझा प्रश्न आहे. पट्टी सहाला संपते. त्याच्या वरचा आकडा कसा काढला, हे कुठे लिहिलेलं नाही. आणि वाचणाऱ्याच्या घरच्यांनीच शंका घेतलीय. असा आकडा मी धरू शकत नाही काका. आणि हा संशयाचा म्हटला तर नियमाने त्याच हातचे सगळे दिवस काढावे लागतात. एकोणीसच्या एकोणीस."

"काढावे लागतात म्हणजे?"

"लाल शाईनं काट. विश्वासार्ह नाही, असा शेरा."

मास्तरांना खिडकीतून पट्टी दिसत होती. ऐंशी वर्षांच्या नदीत बायकोचे एकोणीस दिवस, आणि तेवढ्यावर आता लाल रेघ येणार. आणि ती साहेबांनी नाही, पुराने नाही, त्यांच्या स्वतःच्या पेन्सिलीने ओढायला लावली होती. त्यांना रडू आलं नाही. त्याहून वाईट झालं, त्यांना लाज वाटली.

"चहा टाकतो," ते म्हणाले. माणसाला काही सुचेनासं झालं की चहा सुचतो.

"मी पण येते, हात धुवायचेत," मुलगी म्हणाली आणि मागोमाग जिना चढू लागली. सहाव्या पायरीवर टर्रकन आवाज झाला.

"सांभाळ! तो खिळा!" मास्तर वरून ओरडले. पण उशीर झाला होता. सलवारीला चांगली वीतभर चीर गेली होती. "अगं, त्या खिळ्यानं माझ्या तीन विजारी खाल्ल्यात. जिन्याच्या खांबाला नडगीएवढ्यावर कुणी खिळा मारतं का? ना कपडा टांगता येत, ना पिशवी. पण ही काढू देईल तर शपथ. हात लावला की वाघिणीसारखी यायची. म्हणायची, तो माझा खिळा आहे, राहू द्या. ती गेल्यावर पक्कड घेऊन बसलो होतो एकदा. नाही झालं."

मुलगी वाकून खिळा पाहत होती. फाटलेल्या सलवारीचं तिला भानच नव्हतं. तिने बोटाने खिळ्याची टोपी चोळली. हिरवट पुटाखाली तांबूस चमक आली.

"हा तांब्याचा आहे काका."

"होडीचा खिळा. गंजत नाही. सासऱ्यांच्या डब्यात असायचे."

"जिन्यात कपडे टांगायला कुणी होडीचा खिळा वापरतं?" ती वर न बघता म्हणाली. "कधी मारला त्यांनी हा?"

मास्तर आठवू लागले. अपेंडिक्सचे टाके ताजे होते तेव्हा. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी जिना उतरताना धोतराचा सोगा अडकला होता आणि ते ओरडले होते, हा कधी मारलास? म्हणजे ते गेले तेव्हा नव्हता. आले तेव्हा होता.

"त्या एकोणीस दिवसांत," ते म्हणाले.

पुढचा अर्धा तास मुलीची नुसती धावपळ. गाडीतून तिपाई आणली, तिच्यावर पातळी मोजायची दुर्बीण बसवली. आकड्यांची उंच काठी मास्तरांच्या हातात दिली. आधी धक्क्यावर, पट्टीच्या सहाच्या रेघेवर काठी. मग कचेरीच्या उंबऱ्यावर. तिथल्या दगडात "सहा चाळीस" असं जुन्या काळी कोरलेलं होतं, खोलीची जमीन पट्टीच्या हिशेबात कुठे येते ते. या दगडावर बसून बायको मटार सोलायची. "काठी सरळ धरा काका. हलवू नका." मास्तरांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग काठी जिन्यात, खिळ्यापाशी. दुर्बीण दारात.

मुलीने वहीत बेरीज-वजाबाकी केली. पुन्हा केली. मग जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "सात चौऱ्याऐंशी."

"पंच्याऐंशी," मास्तर म्हणाले.

"एक सेंटीमीटर कमी."

"टोपीच्या वरच्या कडेवरून मोजलं असेल तिनं. मी काठी मध्यावर धरली."

मुलगी हसली. "एका सेंटीमीटरवरून मी काकूंशी भांडणार नाही."

आता सगळं लख्ख दिसत होतं. पाणी कचेरीत शिरलं तेव्हा ती लेकीला आणि रजिस्टरांना वर ठेवून जिन्यात बसली असणार. एकेक पायरी बुडत गेली तशी एकेक वर सरकली असणार. तिच्या वडिलांनी सांगितलंच असणार की चिखलाची खूण पुसली जाते, चुन्याखाली जाते, म्हणून पाणी थांबेल तिथे खिळा मारायचा. सव्वाअकराला पाणी थांबलं. तिने खिळा मारला. पाणी उतरल्यावर ब्लाउज मापायची फीत घेऊन जमिनीपासून मोजलं, एक मीटर पंचेचाळीस. सहा चाळीसमध्ये मिळवले. मनातला आकडा तिने त्या दिवशीही बाजूलाच ठेवला होता. आणि नवरा परत येऊन विचारतो, कुठून आणलंस? ती खरं तेच बोलली होती, पाणी होतं तिथून. रोज दोन्ही वेळा उंची वाचणाऱ्या माणसाने सव्वीस वर्षांत स्वतःच्या जिन्यातल्या खिळ्याची उंची एकदाही वाचली नव्हती.

"मला सांगायचं होतंस," मास्तर खिळ्याकडे पाहत पुटपुटले. पण ते स्वतःलाही पटेना. तिने सांगायचं का म्हणून? आकडा लिहिला होता की तिने. वाट पाहत होती ती, की हा कधीतरी बघेल. म्हणून खिळा काढू दिला नाही.

खाली येऊन मुलीने रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं आणि पिशवीतून खोडरबर काढलं. "पेन्सिलच आहे. खोडून टाका, झालं."

मास्तरांनी रबर परत केलं. "रजिस्टरात खोडायचं नसतं. चूक असली तर एका रेघेनं काटायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि सही करायची. हिनंच शिकवलंय."

त्यांनी चष्मा पुसला, शाईचं पेन घेतलं आणि त्या बारीक प्रश्नचिन्हावर एक सरळ आडवी रेघ मारली. मग शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं: "खूण जिन्याच्या खांबावर आहे. आज पाहिली. आकडा बरोबर. शंका चुकीची होती." खाली सही केली, तारीख घातली. शाई वाळेपर्यंत हात पानावर धरून बसले.

मुलीने संगणक उघडला आणि एकोणीस दिवस एकामागून एक घालू लागली. सगळ्यात जास्त पाणी, सात पंच्याऐंशी. पुलाची उंची आता त्यावरून ठरणार होती. मध्येच तिने विचारलं, "वाचणाऱ्याचं नाव? रजिस्टरवर वर तुमचंच छापलंय, तेच टाकू?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तिचं टाक."

"काय नाव काकूंचं?"

छत्तीस वर्षांच्या संसारात मास्तरांनी बायकोला "अगं" म्हणून हाक मारली होती. आता त्यांनी तिचं पूर्ण नाव सांगितलं, धक्क्यावरून पलीकडच्या तीराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.